तुटला की लागणारा ब्रेक

गाडीच्या डॅशबोर्डवर ब्रेकचा लाल दिवा लागला, की माणसांचे तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार गाडी बाजूला घेतो आणि बॉनेट उघडतो. दुसरा प्रकार ब्रेक तर लागतोय ना, मग कशाला काळजी, असं म्हणून एफ.एम.चा आवाज वाढवतो. तिसरा प्रकार सगळ्यात हुशार! तो गॅरेजमध्ये जातो, खर्चाचा आकडा ऐकतो आणि त्या दिव्याचा बल्बच काढून टाकायला सांगतो. दिवा गेला, बिघाड गेला!

मित्रांनो, हा लेख त्या दिव्याच्या खापरपणजोबांबद्दल आहे. त्यांचं नाव जॉर्ज वेस्टिंगहाऊस. हे नाव आपल्याला बहुतेक वेळा ए.सी. विरुद्ध डी.सी.च्या भांडणात किंवा निकोला टेस्लाच्या गोष्टीत भेटतं. थोडक्यात काय, तर इलेक्ट्रिकलच्या मुलांनी त्याला केव्हाच पळवून नेलंय. पण मुळात हा माणूस आमचा, मेकॅनिकलचा! आणि त्याचं सगळ्यात मोठं काम विजेचं नाही, हवेचं आहे. साध्या, फुकट मिळणाऱ्या हवेचं.

जॉर्जचा जन्म 6 ऑक्टोबर 1846 चा, अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या सेंट्रल ब्रिज नावाच्या खेड्यातला. वडिलांचा शेतीची यंत्रं बनवण्याचा कारखाना होता. पुढे सगळं कुटुंब स्केनेक्टडी या गावी आलं आणि तिथल्या कारखान्यात जॉर्ज वाढला. शाळेत फारसं लक्ष नाही, पण लेथजवळ उभा राहिला की जेवणाची शुद्ध नाही, असा हा मुलगा. त्यात अमेरिकेचं यादवी युद्ध सुरू झालं. कोवळ्या वयात तो सैन्यात गेला, नंतर नौदलात बोटीवर इंजिनीअर म्हणून काम केलं. त्याचा एक मोठा भाऊ या युद्धात गेला. युद्ध संपल्यावर घरच्यांनी त्याला युनियन कॉलेजमध्ये घातलं. तिथे तो जेमतेम काही महिने टिकला आणि पुन्हा वडिलांच्या कारखान्यात हजर! (हे वाक्य कृपया आई-बाबांना दाखवू नये.) पण त्याच वर्षी, म्हणजे 1865 मध्ये, वयाच्या 19 व्या वर्षी त्याने वाफेच्या फिरत्या इंजिनाचं पेटंट मिळवलं होतं. त्यामुळे कॉलेज सोडणं त्याला परवडलं. आपल्याकडे आधी पेटंट येऊ द्या, मग बघू.

रेल्वेशी त्याचं नातं लवकरच जुळलं. रुळावरून घसरलेले डबे परत रुळावर चढवण्याचं एक साधन त्याने बनवलं आणि ते विकायला तो गावोगाव फिरू लागला. त्याची बायको मार्गरिटसुद्धा त्याला पहिल्यांदा भेटली ती रेल्वेच्या प्रवासातच. 1867 मध्ये त्यांचं लग्न झालं. आणि अशाच फिरतीत त्याला एक अपघात बघायला मिळाला. स्केनेक्टडी आणि ट्रॉय या गावांच्या मध्ये, दिवसाउजेडी, सरळ रुळावर दोन मालगाड्या समोरासमोर धडकल्या होत्या. दोन्ही ड्रायव्हरांनी एकमेकांना लांबूनच पाहिलं होतं. वेळ होता, पण गाडी थांबवता येत नव्हती.

का थांबवता येत नव्हती? कारण तेव्हा गाडी थांबवणं हे एका माणसाचं काम नव्हतंच. ड्रायव्हर शिट्टी वाजवायचा. ती ऐकून ब्रेक्समन नावाचे कामगार डब्यांच्या टपावरून धावत सुटायचे आणि एकेका डब्यावरचं चाक हाताने फिरवून ब्रेक आवळायचे. एका डब्याचा ब्रेक आवळला की पुढच्या डब्यावर उडी. पाऊस असो, बर्फ असो, रात्र असो. टपावरून घसरून किती ब्रेक्समन मेले आणि किती कायमचे अपंग झाले, याचा विचार केला तरी अंगावर काटा येतो. आणि एवढं करूनही सगळे ब्रेक एकदम कधी लागायचेच नाहीत.

जॉर्जला वाटलं, सगळ्या डब्यांचे ब्रेक ड्रायव्हरच्या एका हातात आले पाहिजेत. आधी त्याने साखळीने ब्रेक ओढायचा विचार केला. लांब गाडीला ती साखळी पुरणार कशी? मग वाफेचा विचार झाला. पण इतक्या लांब नळीतून जाताना वाफ थंड होऊन तिचं पाणी होणार. इथे तो अडला. नेमका तेव्हाच एका मासिकात त्याने युरोपातल्या मॉं सेनी बोगद्याबद्दल वाचलं. आल्प्स पर्वत पोखरताना तिथे खडक फोडायची यंत्रं दाबलेल्या हवेवर चालवत होते आणि ती हवा लांबलचक नळ्यांमधून बोगद्याच्या आत पोचवत होते. बस्स! वाफ थंड होते, हवेचं पाणी होत नाही. (म्हणजे मित्रांनो, मासिकं वाचावीत. हे सुद्धा!)

13 एप्रिल 1869 रोजी त्याला एअर ब्रेकचं पेटंट मिळालं. वय 22. त्याच्या पहिल्यावहिल्या चाचणीची गोष्ट नेहमी सांगितली जाते. पिट्सबर्गमधून गाडी निघाली, बोगद्यातून बाहेर आली आणि बघते तर समोर फाटकावर एक घोडागाडी अडकलेली. ड्रायव्हरने नवा ब्रेक लावला आणि गाडी त्या घोडागाडीच्या अगदी पुढ्यात येऊन थांबली. आतले पाहुणे खुर्च्यांवरून पडले, पण चाचणी पास! त्याच वर्षी पिट्सबर्गला वेस्टिंगहाऊस एअर ब्रेक कंपनी सुरू झाली आणि ऑर्डरींचा पाऊस पडू लागला.

इथे खरं तर आपली गोष्ट संपायला हवी होती. तरुण हिरो, यशस्वी शोध, पैसाच पैसा. पण माझ्या मते वेस्टिंगहाऊस मोठा होतो तो इथून पुढे. कारण त्याच्या ब्रेकमध्ये एक बिघाड दडलेला होता, आणि तो त्याने स्वतः दुरुस्त केला.

तो बिघाड समजून घेऊ. पहिल्या ब्रेकची रचना अशी होती: इंजिनावर हवा दाबणारा पंप आणि हवेची मोठी टाकी. तिथून एक नळी सगळ्या डब्यांखालून शेवटपर्यंत. एरवी नळी रिकामी. ड्रायव्हरने कॉक उघडला की टाकीतली हवा नळीतून धावत जाणार, प्रत्येक डब्याखालच्या सिलेंडरमधला दट्ट्या ढकलणार आणि ब्रेक लागणार. म्हणजे हवा आली तर ब्रेक. सोपं आहे. पण समजा दोन डब्यांमधली रबरी नळी फाटली तर? किंवा गाडीच मधून तुटली तर? सगळी हवा बाहेर, आणि पुढचे-मागचे सगळे ब्रेक गेले! आणि वाईट म्हणजे, नळी फाटली आहे हे ड्रायव्हरला कळणार केव्हा? ब्रेक लावायला जाईल तेव्हाच. ज्या क्षणी ब्रेकची गरज, त्याच क्षणी ब्रेक नसल्याची बातमी.

1872 मध्ये वेस्टिंगहाऊसने सगळी रचना उलटी केली. आता नळी रिकामी नाही, कायम दाबलेल्या हवेने भरलेली. प्रत्येक डब्याखाली हवेची स्वतःची एक छोटी टाकी. नळी, टाकी आणि ब्रेकचा सिलेंडर यांच्या मधोमध एक झडप, जिला ट्रिपल व्हॉल्व्ह म्हणतात, कारण ती तीन कामं करते. नळीतला दाब पूर्ण असेल तेव्हा ती छोटी टाकी भरून घेते. नळीतला दाब कमी झाला की ती टाकीतली हवा सिलेंडरमध्ये सोडते आणि ब्रेक लागतो. नळीत दाब परत आला की ती सिलेंडरमधली हवा बाहेर सोडते आणि ब्रेक सुटतो.

आता परत तोच प्रश्न विचारा. नळी फाटली तर? दाब कमी होणार, म्हणजे ब्रेक लागणार. गाडी मधून तुटली तर? दोन्ही तुकड्यांचे ब्रेक आपोआप लागणार. तोच बिघाड, तीच फाटकी नळी, पण आधी ती गाडी मारत होती आणि आता ती गाडी थांबवते. शिवाय बिघाड लपून राहूच शकत नाही, कारण गाडी जागची हलणारच नाही!

इंग्रजीत याला फेल-सेफ म्हणतात. कॉन्व्हेंटच्या कृपेने मला हा शब्द लगेच सुचला, पण मराठीत कसा सांगायचा ते सुचेना, म्हणून आजीला विचारलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली की हे म्हणजे गुणी पोरासारखं झालं, कुठे धडपडलं तरी आधी घरी येऊन सांगणारं. यापेक्षा चांगली व्याख्या मला कुठल्याही टेक्स्टबुकात सापडलेली नाही.

तुम्ही म्हणाल, दूर अमेरिकेतल्या त्या नळीशी आपला काय संबंध? आपल्या रेल्वेच्या डब्यातली ती लाल साखळी आठवा. ती ओढल्यावर इंजिनात घंटा वाजते आणि मग ड्रायव्हर ब्रेक लावतो, असा बऱ्याच जणांचा समज असतो. प्रत्यक्षात एअर ब्रेकच्या गाडीत साखळी ओढली की ब्रेकच्या नळीला एक भोक उघडतं! आपल्या गाड्यांच्या या नळीत दर चौरस सेंटीमीटरला 5 किलो इतका दाब ठेवतात. तो उतरू लागला की ब्रेक लागू लागतात. म्हणजे आपण मुद्दाम बिघाड करतो आणि वेस्टिंगहाऊसची झडप बाकीचं काम करते. शेवटच्या डब्यातले गार्डसाहेब, ज्यांना 2022 पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, त्यांच्यासमोरही या दाबाचा काटा असतो. लोणावळ्याहून कर्जतकडे गाडी उतरते तेव्हा 37 फुटांना एक फूट असा उतार असतो. त्या उतारावर तो काटा म्हणजे सगळ्या प्रवाशांचा जीव आहे.

हा फरक किती मोठा, ते आयर्लंडमधल्या आर्मा गावाजवळ 12 जून 1889 रोजी जगाला कळलं. मुलांची सहल घेऊन निघालेली एक गच्च भरलेली गाडी चढावावर अडकली. इंजिनाला ओढवेना म्हणून गाडी मधून सोडवून पुढचे काही डबे आधी न्यायचं ठरलं. त्या गाडीला ब्रेक होता, पण आपोआप लागणारा नव्हता. इंजिनापासून तुटला की गेला, अशा जातीचा. मागचे डबे सुटले, उतारावरून उलटे धावत गेले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे 80 जीव गेले, त्यात कितीतरी लहान मुलं. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा करणारा कायदा झाला. आपोआप लागणारा ब्रेक निघून तेव्हा 17 वर्षं झाली होती. शोध लागला म्हणजे तो वापरात आला असं नसतं, हे आपण इंजिनीअर होऊ घातलेल्यांनी कायम लक्षात ठेवायला हवं. तो महाग आहे, सध्या चाललंय ना, अशी कारणं तेव्हाही होतीच.

अमेरिकेतही प्रवासी गाड्यांना एअर ब्रेक लागले, पण मालगाड्यांचं घोडं अडलं होतं. 1886 आणि 1887 मध्ये आयोवा राज्यातल्या बर्लिंग्टन इथे 50-50 वाघिणींच्या गाड्या जोडून सगळ्या कंपन्यांच्या ब्रेकची परीक्षा घेतली गेली. आणि काय आश्चर्य, वेस्टिंगहाऊसचा ब्रेकसुद्धा नापास! कारण दाब कमी झाल्याची बातमी नळीतून शेवटच्या वाघिणीपर्यंत पोचायला वेळ लागायचा. पुढच्या वाघिणी थांबायच्या आणि मागच्या धाडधाड त्यांच्यावर येऊन आपटायच्या. हवेच्या ब्रेकचं काम संपलं, आता वीजच हवी, असं लोकांना वाटू लागलं.

इथे त्याचं निदान बघण्यासारखं आहे. त्याने सगळं फेकून नवं केलं नाही. बिघाड नेमका कुठे आहे? बातमी हळू जाते, एवढाच. एका टोकाचं भोक 50 वाघिणींची हवा सोडतंय, म्हणून उशीर होतोय. मग प्रत्येक वाघिणीच्या झडपेलाच असं शिकवलं, की जोरात दाब उतरताना दिसला तर तिनेही आपल्या जागी नळीतली थोडी हवा काढून घ्यायची. मग पुढची झडप तेच करणार, मग त्यापुढची. वाघिणीमागून वाघीण बातमी पळत सुटली! काही महिन्यांतच ही नवी झडप तयार झाली आणि 50 वाघिणींची गाडी गावोगाव फिरवून त्याने लोकांना दाखवलं, की आता ती न आपटता थांबते. पुढे 2 मार्च 1893 रोजी अमेरिकेत रेल्वे सुरक्षेचा कायदा झाला, मालगाड्यांनाही असे ब्रेक सक्तीचे झाले आणि टपावरची ती जीवघेणी धावपळ हळूहळू संपत गेली.

बाकीची गोष्ट आपल्याला माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. 1886 मध्ये त्याने विजेची कंपनी काढली, 1888 मध्ये टेस्लाची पेटंटं घेतली, 1893 मध्ये शिकागोचं जागतिक प्रदर्शन ए.सी.च्या दिव्यांनी उजळलं आणि 1896 मध्ये नायगाराची वीज बफेलो शहरात पोचली. त्याच्या नावावर 300 च्या वर पेटंटं आहेत. आपल्या कामगारांना शनिवारी अर्धी सुट्टी देण्याची पद्धत त्याने 1871 मध्येच सुरू केली होती, जेव्हा अशी सुट्टी मागायचीही कुणाची हिंमत नव्हती.

पण माणूस शेवटी माणूसच. यंत्रातला बिघाड इतक्या लवकर ओळखणारा हा माणूस स्वतःच्या धंद्यातला लाल दिवा मात्र बघत राहिला नाही. कर्ज काढून कारखाने वाढवत गेला. 1907 मध्ये अमेरिकेत मोठं आर्थिक संकट आलं, बँकांनी हात आखडले आणि त्याची विजेची कंपनी त्याच्या हातून गेली. 1911 पर्यंत तो तिच्यातून पूर्ण बाहेर पडला. विशेष म्हणजे एअर ब्रेकची कंपनी मात्र त्या वादळात तगली. 12 मार्च 1914 रोजी, वयाच्या 67 व्या वर्षी तो गेला. यादवी युद्धातला सैनिक म्हणून आर्लिंग्टनच्या लष्करी स्मशानभूमीत त्याचं दफन झालं.

आता परत आपल्या लाल दिव्याकडे येऊ. कारच्या ब्रेकमध्ये हवा नसते, ऑइल असतं. पेडल दाबलं की ऑइलचा दाब चाकापर्यंत जातो. म्हणजे जातीने तो वेस्टिंगहाऊसच्या पहिल्या ब्रेकसारखा: पाइप फुटला की ब्रेक गेला. म्हणूनच त्याची दोन स्वतंत्र वर्तुळं करतात, एक गेलं तरी दुसरं राहावं म्हणून. आणि म्हणूनच त्याला बोलायला तो दिवा दिलाय. पॅड झिजले की चाकाजवळचा दट्ट्या आणखी बाहेर येतो, डब्यातल्या ऑइलची पातळी उतरते आणि दिवा लागतो. अशा वेळी नुसतं ऑइल ओतलं की दिवा विझतो, पण पॅड झिजलेले ते झिजलेलेच! पिवळ्या ए.बी.एस.च्या दिव्याचंही तसंच. कॉम्प्युटरला एका चाकाच्या सेन्सरचा भरवसा वाटला नाही, तर तो ए.बी.एस. बंद करून साधा ब्रेक तेवढा चालू ठेवतो आणि दिवा लावून सांगतो. मग काही ठिकाणी थेट हजारो रुपयांचं मोड्यूल बदलायचा सल्ला मिळतो. खरं तर आधी सेन्सरवरचा चिखल, त्याची तुटकी वायर, गंजलेला कनेक्टर आणि बॅटरी बघायला हवी. बर्लिंग्टनला वेस्टिंगहाऊसने केलं तेच: नेमकं काय चुकतंय ते आधी शोधा, मग पाना उचला.

आणि कुठलीही रचना माणसाला निष्काळजी राहायची मुभा देत नाही. 6 जुलै 2013 रोजी कॅनडातल्या लाक-मेगांटिक गावात तेलाची एक उभी करून ठेवलेली मालगाडी रात्री उतारावरून घरंगळत आली आणि 47 माणसं गेली. इंजिन बंद झालं होतं, त्याच्या ब्रेकमधली हवा हळूहळू गळून गेली होती आणि हाताने लावायचे ब्रेक पुरेसे आवळलेले नव्हते. म्हणजे इतक्या वर्षांनंतरही ब्रेक्समनचं ते चाक पूर्ण निवृत्त झालेलं नाही.

आपण पुढे काहीतरी डिझाइन करणार आहोत. कुणी ब्रेक, कुणी पूल, कुणी सॉफ्टवेअर. ते कधीच बिघडणार नाही, असं वचन आपल्यापैकी कुणीच देऊ शकत नाही. पण बिघडलं तर ते कोणाचा जीव न घेता बिघडेल आणि बिघडल्याचं आधी ओरडून सांगेल, एवढं तर आपल्या हातात आहे. वेस्टिंगहाऊसने 1872 मध्ये तेवढंच केलं. आजही गाडी फलाटावरून सुटताना डब्याखाली तो फुस्स आवाज येतो ना, ती त्याच्या झडपेची हवा सुटते आहे. नळी शाबूत आहे, निघा, असं ती सांगते.

(टी. ई. मेकॅनिकल)